जमा दिसते, खर्च दिसत नाही : पुण्यातील फॅमिली डॉक्टरांस खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

हे पत्र कोणा एका डॉक्टरांना उद्देशून लिहिलेले नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावर, कोथरूड-धनकवडीच्या सोसायट्यांखालच्या गाळ्यांत किंवा सिंहगड रस्त्यावर औषधांच्या दुकानाला लागून असलेल्या दोन खोल्यांत जे सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालवतात, आणि ज्यांना एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे रक्तदाब तोंडपाठ असतात, त्या आपणा सर्वांना मी हे लिहीत आहे. मी वैद्यक शिकलेला माणूस नाही. सरकारी लेखापरीक्षणात माझी ३४ वर्षे गेली. दुसऱ्याच्या वहीत जमेची बाजू भरलेली असूनही शिल्लक का घटते, हे शोधणे एवढेच मला येते. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगातले रक्त कमी होत गेले, तेव्हा नेमके तेवढेच करायचे राहून गेले होते.

आम्ही तिला माई म्हणतो. वय ७४. तरुणपणी दर रविवारी पर्वती चढून येणारी ही बाई २०२१ च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरी जाताना मधल्या कठड्याला धरून उभी राहू लागली. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, हिमोग्लोबिन १०.२ आले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी ते १०.९ झाले, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. मीही त्यात होतो. 'जन्मभर एकादश्या, चतुर्थ्या आणि सोमवार केलेस, मग अंगात रक्त राहणार कुठून,' असे तिला ऐकवणाऱ्या नातेवाइकांत माझा आवाज बहुधा सगळ्यांत मोठा होता. बोहरी आळीतून लोखंडी कढई मीच आणून दिली. भाचीने खजूर आणि अळिवाचे लाडू पोचवले. तेव्हा या पत्रात जी तक्रार आहे ती मी आधी स्वतःविरुद्ध नोंदवतो आणि मगच आपल्याकडे वळतो.

पुढच्या वर्षी आकडा ९.१ वर आला. गोळीचा ब्रँड बदलला. माईला छातीत जळजळ होत असे, म्हणून एका रुग्णालयात एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने जठराची तपासणी, झाली. अहवालात 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' (जठराच्या खालच्या भागाची सूज) असे दोन शब्द होते आणि त्यावर आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या आल्या. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते, जी आपल्याला ठाऊक आहेच, पण आम्हाला कोणी सांगितली नव्हती: अन्नातले वनस्पतिजन्य लोह आणि गोळीतले लोह शोषले जाण्यासाठी जठरातल्या आम्लाची मदत होते, आणि ते आम्ल औषधाने दाबले की शोषण घटते. म्हणजे सकाळी उपाशीपोटी घेतलेली एक गोळी दुसऱ्या गोळीचे काम अवघड करत होती आणि दोन्ही एकाच डबीत शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या.

२०२३ च्या फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ६.८ झाले. रात्री रुग्णालयात दाखल केले, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, ८.७ वर घरी पाठवले. सात आठवड्यांनी तपासले तर ७.१.

त्या दिवशी घरी येऊन मी कपाटातली प्लास्टिकची पिशवी पलंगावर उपडी केली. तीन प्रयोगशाळा, दोन रुग्णालये, एक दवाखाना. प्रत्येकाचा कागद वेगळा, फाईल वेगळी, एकाने दुसऱ्याचा कागद फारसा पाहिलेला नाही. मी जुन्या सवयीने फुलस्केपवर रेघा मारल्या. तारीख, हिमोग्लोबिन, त्या वेळी चालू असलेले औषध, चढवलेले रक्त, असे चार रकाने केले आणि एकवीस महिन्यांचे आकडे एकाखाली एक लिहिले. रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढते असे वॉर्डातल्या परिचारिकेने सांगितले होते. दोन पिशव्यांची वाढ दिसत होती, आणि त्यातली जवळपास दीड पिशवी सात आठवड्यांत खर्ची पडलेली दिसत होती. ज्या खात्यात भरणा होऊनही शिल्लक टिकत नाही, तिथे उत्पन्न कमी आहे असे कोणताही लेखापरीक्षक म्हणणार नाही. तो खर्चाची पावती मागेल. आम्ही सगळे मात्र दोन वर्षे भरणा वाढवत बसलो होतो.

लोहाचा हिशेब नंतर मी समजून घेतला, आणि तो इतका सोपा आहे की शरम वाटली. निरोगी माणसाच्या १ मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोजच्या आहारातून शरीर १ ते २ मिलिग्रॅम लोह घेते, आणि एरवी तितकेच जाते. शरीराजवळ लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची वेगळी सोय नाही, म्हणून हा जमाखर्च वर्षानुवर्षे जुळत राहतो. आता रोज चहाचे दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर रक्त आतल्या आत झिरपू लागले, तर ५ मिलिग्रॅम लोह जाईल. आहार ते भरून काढू शकत नाही. गोळ्यांनी शोषण वाढते, त्यामुळे काही काळ आकडा सावरतो, आणि फसगत तिथेच होते, कारण तो सावरलेला आकडा पाहून शोध थांबतो. शिवाय दोन चमचे रक्त डोळ्यांना दिसत नाही. शौचास डांबरासारखे काळे होण्यासाठी साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त पोटात उतरावे लागते. त्याहून कमी रक्त मुकाट्याने निघून जाते.

दिसले असते तरी काय झाले असते, हा प्रश्नच आहे. माईच्या शौचाचा रंग मधूनमधून काळा होत होता. तिने तो कोणाला सांगितला नाही, कारण तिच्या पिढीच्या बाईने डॉक्टरांसमोर, आणि तेही धाकटा भाऊ शेजारी बसलेला असताना, असले काही बोलायचे नसते. नंतर एकदा भाचीने खोदून विचारले तेव्हा तिने सांगितले की गोळीच्या वेष्टनातल्या कागदावर 'शौचाचा रंग काळा होऊ शकतो' असे छापलेले होते, म्हणून ती निश्चिंत होती. लोहाच्या गोळीने रंग काळा होतो हे खरे आहे, आणि म्हणूनच ही गोळी रक्तस्रावाचा एकमेव दृश्य पुरावा झाकून टाकते. गोळी सुरू करण्याआधी शौचाचा रंग विचारून तारखेसह लिहून ठेवला असता, तर पुढच्या तुलनेला काही आधार राहिला असता. हा प्रश्न आपण विचारावा आणि सरळ शब्दांत विचारावा, आणि शक्य तर घरच्या पुरुषाला बाहेर बसवून विचारावा. आणखी एक गोष्ट तिने लपवली होती: फ्रीजमधला बर्फ ती दिवसभर कडाकडा चावत असे. लहानपणी पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुलींना आमच्या आजीने दिलेले धपाटे मला आठवतात. लोह कमी पडले की असे डोहाळे लागतात, हे ना आजीला ठाऊक होते ना मला.

उलगडा सुरू झाला तो एप्रिलमध्ये. दुसऱ्या एका तज्ज्ञांनी पुन्हा एन्डोस्कोपी करायचे ठरवले. सलाईनसाठी शीर शोधताना तिथल्या तरुण निवासी डॉक्टरांनी माईची बोटे हातात घेतली, थोडा वेळ पाहिली आणि विचारले, "आजी, थंडीत ही बोटं पांढरी पडतात का?" पडत होती. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नळाच्या पाण्यात हात घातला की आधी पांढरी, मग निळसर आणि शेवटी लालबुंद होत, आणि हे आम्ही आठ-दहा वर्षे 'पुण्याची थंडी' या सदरात टाकत आलो होतो. बोटांची कातडी ताणल्यासारखी झाली होती, लग्नातली अंगठी निघत नव्हती. त्या निवासी डॉक्टर मुलीने ते लिहून घेतले. पुढे रक्ताच्या तपासण्यांतून निष्पन्न झाले की माईला सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव घट्ट होत जाणारा स्वप्रतिकारशक्तीचा विकार, आहे. छातीतली जळजळही त्याचाच एक भाग होती.

आणि जठरात जे दिसले त्याचे नाव गॅस्ट्रिक अँट्रल व्हॅस्क्युलर एक्टेशिया, संक्षेपाने 'गेव्ह'. जठराच्या खालच्या भागात, म्हणजे अँट्रममध्ये, आतल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून पृष्ठभागाशी येतात आणि अन्न पुढे ढकलताना होणाऱ्या हालचालीत थोड्या थोड्या पाझरत राहतात. जठराच्या दारापासून निघालेले त्यांचे लाल पट्टे कलिंगडाच्या सालीवरच्या पट्ट्यांसारखे दिसतात, म्हणून या अवस्थेला 'कलिंगडी जठर' असेही म्हणतात. आजाराचे पहिले वर्णन रायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये केले, आणि कलिंगडाची उपमा जब्बारी व सहकाऱ्यांच्या १९८४ च्या लेखातून रूढ झाली. ज्या दिवशी आम्हाला हे समजावले, त्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर कलिंगडांची हातगाडी उभी होती. माई ती पाहून हसली. तिने तेव्हापासून कलिंगड खाल्लेले नाही, आणि त्याला वैद्यकीय कारण काही नाही हे तिला कितीदा सांगितले तरी पटत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मला आपला थोडा अधिक वेळ हवा आहे, तो हा. पहिल्या अहवालातला 'गॅस्ट्रायटिस' हा शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण गेव्ह नेहमी स्वच्छ पट्ट्यांच्या रूपातच दिसतो असे नाही. काहींत, विशेषतः यकृताचा सिरोसिस (यकृत निबर होण्याचा आजार) असलेल्यांत, लाल ठिपके सर्वत्र विखुरलेले असतात आणि ते सुजलेल्या अस्तरासारखे भासतात. सुमारे ३० टक्के रुग्णांना सिरोसिस असतो. उरलेल्यांत सिस्टेमिक स्क्लेरोसिससारखे स्वप्रतिकारशक्तीचे विकार, मूत्रपिंडाचे जुनाट आजार आणि हृदयाच्या झडपांचे दोष वरचेवर आढळतात, आणि रुग्णांत सत्तरीच्या आसपासच्या स्त्रिया बऱ्याच असतात. शंका असल्यास अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो: फुगलेल्या केशवाहिन्या, त्यांत फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या तंतूंच्या) गुठळ्या आणि भोवती वाढलेले स्नायुतंतू. सिरोसिसमध्ये यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढून जठराला होणारा वेगळा विकार आणि गेव्ह यांतला फरक ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण तो दाब उतरवणाऱ्या औषधांचा गेव्हवर उपयोग होत नाही. हे सारे तज्ज्ञांचे काम आहे आणि ते त्यांनीच करावे. पण 'गॅस्ट्रायटिस' असा अहवाल हातात घेऊन माई परत कोणाकडे आली? आपल्याकडे. जठराच्या साध्या सुजेने दोन वर्षे हिमोग्लोबिन असे घसरत राहते का, ही शंका घ्यायला दुर्बीण लागत नाही. समोर सगळे आकडे एका ओळीत असावे लागतात, आणि ते फक्त आपल्याकडेच असू शकतात. पोटाचे डॉक्टर पोट पाहतात, सांध्यांचे सांधे, त्वचेचे त्वचा; पांढरी बोटे, जळजळ आणि उतरते रक्त हे तिन्ही एकाच बाईचे आहे, हे पाहणारा माणूस फॅमिली डॉक्टरच उरला आहे.

गेव्ह दुर्मिळ आहे, याची मला जाणीव आहे. अन्नमार्गाच्या वरच्या भागातून, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा वगळून, जो रक्तस्राव होतो त्यात त्याचा वाटा फार तर ४ टक्क्यांपर्यंत सांगितला जातो. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या पांढऱ्या पडलेल्या प्रत्येक आजीला हाच आजार असेल असे सुचवण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण तिला दुसरे काही असू शकते: जठरातला व्रण, मोठ्या आतड्याचा कर्करोग, सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी झालेली इजा, किंवा हृदयासाठी चालू असलेल्या ॲस्पिरिनने वाढलेला पाझर. शोधाची वाट या सर्वांसाठी एकच आहे. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, पाळी थांबलेल्या स्त्रियांना आणि पुरुषांना लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर पोटाची कोणतीही तक्रार नसली तरी वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बिणीने तपासावे असे म्हटले आहे, आणि ॲनिमिया असताना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी) ४५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता मानावी, असेही. माईची फेरिटिन तपासणी पहिले एकवीस महिने झालीच नव्हती. शौचातल्या अदृश्य रक्ताची तपासणी एकदा झाली, ती निगेटिव्ह आली, आणि तिच्या भरवशावर आम्ही आणखी पाच महिने घालवले. अधूनमधून पाझरणारा आजार त्या एका दिवशी पाझरला नसेल, इतकाच तिचा अर्थ होता.

वयाचा मुद्दा मी जाणूनबुजून मांडत आहे. आपल्या देशात 'रक्त कमी' ही बाईची नेहमीची अवस्था आहे असे आपण मनात धरून चाललो आहोत, आणि आकडेही तेच सांगतात: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमियाग्रस्त आढळल्या. २०१८ पासून चालू असलेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात पाच वर्षांखालची बालके, पाच ते नऊ वर्षांची मुले, किशोरवयीन, प्रजननक्षम वयातल्या, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया असे सहा गट आहेत. पन्नाशी ओलांडलेली स्त्री त्यात कुठेही नाही. तरुण स्त्रीच्या बाबतीत पाळी आणि बाळंतपणे हा खर्च उघड असतो, म्हणून तिथे गोळीने भरणा करणे बहुतेक वेळा पुरते. पाळी थांबून वीस-पंचवीस वर्षे झालेल्या बाईचा तो खर्चच बंद झालेला असतो. तरीही तिच्या अंगातले लोह आटत असेल, तर ते कुठेतरी जात आहे. तिच्या एकादश्यांकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. आपल्या संघटनांनी हे महापालिकेच्या आरोग्य विभागापुढे मांडावे, अशी माझी विनंती आहे, पण दवाखान्यातल्या कामासाठी त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

माझे प्रत्यक्ष मागणे थोडे आहे. पन्नाशीपुढच्या माणसाला लोहाची गोळी लिहिताना फेरिटिनही लिहावे, आणि चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे. गोळी नियमित घेऊनही ते तोवर १ ग्रॅमनेही वर आले नसेल, किंवा वर येऊन पुन्हा उतरले असेल, तर ब्रँड बदलण्याऐवजी खर्चाची बाजू तपासायला पाठवावे. बोटे हातात घेऊन पाहावीत. आणि रुग्णाजवळ एकच कागद असावा, ज्यावर प्रयोगशाळा कोणतीही असो, हिमोग्लोबिनचा आकडा तारखेखाली तारीख लावून लिहिलेला असेल. संगणकावर सारे असते असे मला सांगण्यात आले. असेल, पण ते प्रत्येकाच्या आपापल्या संगणकावर असते.

माईच्या उपचारांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण पुढे हे रुग्ण परत आपल्याकडेच येणार आहेत. दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या विद्युतभारित झोताने त्या रक्तवाहिन्या भाजून बंद करतात. झोत काही मिलिमीटर खोलीपर्यंतच पोचतो, म्हणून जठराला भोक पडण्याची भीती कमी राहते, पण त्याच कारणाने काम एका बैठकीत संपत नाही आणि वाहिन्या पुन्हा उगवू शकतात. काही ठिकाणी रबराचे बँड बांधून तो भाग गळून पडू देतात, आणि वारंवार रक्त लागणाऱ्या काही रुग्णांत त्याचा गुण चांगला येतो. अगदीच उपाय न चालल्यास जठराचा तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. माईच्या आर्गॉनच्या पाच बैठका झाल्या आहेत, आणि लोह आता शिरेतून दिले जाते. पहिल्या वर्षात तिला एकंदर सात पिशव्या रक्त लागले. मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्ट्या असतात, शिबिरे थंडावतात आणि रक्त मिळणे कठीण होते. त्या वेळी एका रक्तपेढीने आमच्याकडे बदली दाते मागितले, तेव्हा भाच्याच्या गणेश मंडळातली पोरे रात्री अकराला दुचाकींवरून आली. त्यांतल्या एकाने माईला नंतर विचारले की आमचे रक्त गेले कुठे. तिने त्याला पोटातल्या कलिंगडाची गोष्ट सांगितली.

तिचे हिमोग्लोबिन गेले आठ महिने १०.४ ते ११.१ च्या दरम्यान आहे. दोन जिने ती न थांबता चढते. पर्वती अजून नाही. आमच्या डॉक्टरांकडे मी माझा फुलस्केप घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यांनी तो खिडकीजवळ नेऊन दोनदा वाचला, आणि 'हा मी करायला हवा होता,' एवढेच म्हणाले. तसल्या चार रकान्यांच्या कोऱ्या कागदाच्या पन्नास प्रती मी त्यांच्या कंपाउंडरच्या टेबलावर ठेवून आलो. परवा गेलो तेव्हा त्यांतल्या अकरा उरल्या होत्या.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त लेखापरीक्षक
सदाशिव पेठ, पुणे